बार्बाडोसचा साखरवाडा आणि श्रावकाची व्रते



मुलगी-जावयाकडे कॅनडात गेलो की ते आम्हाला थंडीतून चार दिवस कुठेतरी उन्हात घेऊन जातात. या वेळी ते ठिकाण बार्बाडोस होते. कॅरिबियन बेटांपैकी अगदी पूर्वेकडचे, जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचे बेट. आपला एखादा तालुकासुद्धा याहून मोठा असतो. समुद्रकिनाऱ्याची वर्णने तुम्हाला इतरत्र वाचायला मिळतील. मला लिहायचे आहे ते उत्तरेकडच्या सेंट पीटर भागातल्या एका जुन्या वाड्याबद्दल. त्याचे नाव सेंट निकोलस ॲबी.

ॲबी म्हणजे ख्रिस्ती मठ. पण इथे मठ कधीच नव्हता. हा उसाच्या बागायतदाराचा वाडा. कर्नल बेंजामिन बेरिंजर या इंग्रजाने तो १६५८ च्या सुमारास बांधला. त्या वेळी इकडे शिवाजी महाराज एकेक किल्ला घेत होते. बांधकाम प्रवाळाच्या पांढऱ्या दगडाचे आहे आणि वरच्या बाजूला वळणदार, नक्षीसारखे त्रिकोणी माथे आहेत. इंग्लंडमध्ये त्या काळी जशी घरे बांधत तसेच हे हुबेहूब. इतके हुबेहूब की खोल्यांमध्ये शेकोटीसाठी कोनाडे आणि छपरावर धुराडीही आहेत! जिथे बारा महिने घाम येतो तिथे शेकोटी कशाला, असे मी जावयांना विचारले. ते म्हणाले, "आई, नकाशा इंग्लंडचा होता ना." या धाटणीची तीनच घरे पश्चिम गोलार्धात उरली आहेत. दोन बार्बाडोसला, हे आणि ड्रॅक्स हॉल, आणि तिसरे अमेरिकेत व्हर्जिनियाला.

वाड्याची पहिलीच कथा एखाद्या मालिकेत शोभेल अशी. बेरिंजरचा १६६१ मध्ये मृत्यू झाला आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या विधवेने त्याचाच भागीदार जॉन यीमन्स याच्याशी लग्न केले. यीमन्सनेच त्याला मारले, असा संशय लोकांनी कायम धरला. हाच यीमन्स पुढे अमेरिकेतल्या कॅरोलिना वसाहतीचा गव्हर्नर झाला आणि बार्बाडोसची बागायतीची पद्धत, गुलामांसकट, तिकडे गेली. जमीन पुढे बेरिंजरच्या वारसांकडे परत आली. निकोलस हे नाव त्याच्या नातजावयाचे. मग घर अनेक हातांतून फिरले आणि २००६ मध्ये बार्बाडोसच्याच एका वास्तुरचनाकार कुटुंबाने ते विकत घेऊन नीट केले. आता तिथे पर्यटक येतात, उसाची रम तयार होते आणि बागेतून छोटी आगगाडी फिरते. सगळ्यांना रमची चव देतात. आम्ही लिंबाचे सरबत मागितले, त्यांनी ते हसून दिले.

बाग खरोखर सुंदर आहे. उंच ताडासारखे पाम, महोगनीची दाट झाडी, जवळच चेरी ट्री हिल नावाची टेकडी आणि तिथून खाली दिसणारा अटलांटिक महासागर. पण मला बार्बाडोसमध्ये पावलोपावली ओळखीची माणसे भेटावीत तशी ओळखीची झाडे भेटत होती. चिंच, आंबा, जास्वंद. आणि आपला शंकासूर! लाल-पिवळ्या फुलांचा शंकासूर हे बार्बाडोसचे राष्ट्रीय फूल आहे. कोकणातला नीरफणसही तिकडे घरोघरी.

या झाडांचा इतिहास वाचला तेव्हा मात्र फुलांकडे बघण्याची नजर बदलली. नीरफणस मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. कॅप्टन ब्लाय नावाचा इंग्रज अधिकारी त्याची रोपे आणायला गेला, तेव्हा १७८९ मध्ये त्याच्या 'बाउंटी' जहाजावर खलाशांनी बंड केले. दुसऱ्या खेपेला १७९३ मध्ये त्याने रोपे कॅरिबियनमध्ये पोहोचवली. एवढा खटाटोप कशासाठी? गुलामांना कमी खर्चात पोटभरीचे काहीतरी मिळावे म्हणून. शंकासुराची गोष्ट त्याहून जड आहे. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार सुरिनामला जाऊन कीटक आणि वनस्पतींची चित्रे काढत होती. १७०५ च्या तिच्या ग्रंथात तिने नोंद केली आहे की गुलाम स्त्रिया शंकासुराचे बी गर्भ पाडण्यासाठी घेतात, कारण आपले मूल गुलाम होऊ नये असे त्यांना वाटते. गर्भपात हे आपल्याकडे महापाप. मी ते वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाही. पाप कोणाच्या खात्यावर लिहायचे, असा प्रश्न मला पडला. बी खाणाऱ्या आईच्या, की पोटातल्या बाळाची किंमत आधीच मांडून ठेवणाऱ्याच्या?

खाते हा शब्द मी मुद्दाम वापरला. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण जमा-नावे अजून डोक्यात आहे. बार्बाडोसच्या बागायतींचे हिशेब अतिशय व्यवस्थित ठेवलेले असत. वर्षाच्या शेवटी 'वाढ' आणि 'घट' असे दोन रकाने. वाढीत वासरे आणि मुले, घटीत मेलेले बैल आणि मेलेली माणसे. माणसाच्या नावापुढे वय, काम आणि किंमत. तरुण कारागिराची किंमत जास्त, म्हातारीची शून्य. आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला होता, यंत्राची किंमत दरवर्षी कमी धरायची. तोच घसारा इथे माणसांना लावला होता.

त्यातही कायद्याचा एक घोळ होता. माणूस ही स्थावर मालमत्ता की जंगम? १६६८ मध्ये बार्बाडोसच्या विधिमंडळाने गुलामांना स्थावर ठरवले. म्हणजे जमिनीबरोबर ते वारसाकडे जातील, विधवेला तिचा हिस्सा मिळेल. पण मग सावकाराला कर्जापोटी त्यांना उचलता येईना. म्हणून १६७२ मध्ये सुधारणा झाली आणि कर्जफेडीपुरते ते जंगम ठरले. त्याआधी १६६१ चा गुलामांविषयीचा कायदा होता, इंग्रजांच्या वसाहतींमधला अशा प्रकारचा पहिला सविस्तर कायदा. शिक्षा देताना गुलाम मेला तर मालकाचा गुन्हा नाही. निव्वळ क्रूरपणाने, जाणूनबुजून स्वतःचा गुलाम मारला तर दंड तीन हजार पौंड साखर. म्हणजे साधारण साडेतेरा क्विंटल. माणसाच्या जिवाचा दंडही साखरेतच मोजला.

साखर तयार कशी होत असे हे वाड्याच्या आवारातल्या जुन्या कारखान्यात कळते. मला ते समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. ऊस, चरक, चुलवाण, काहील, चिपाडे, मळी, काकवी हे सगळे बघतच मोठी झाले. आपल्या गुऱ्हाळात एक मोठी काहील असते. तिकडे तांब्याच्या चार-पाच कढया ओळीने, मोठीपासून लहानपर्यंत. रस उकळत एकीतून दुसरीत ओतत न्यायचा, मळी काढायला चुना घालायचा आणि शेवटच्या सर्वांत लहान आणि सर्वांत तापलेल्या कढईत दाणा धरेपर्यंत आटवायचा. आपल्याकडे गुळव्याला जो मान तोच तिकडे त्या शेवटच्या कढईवरच्या माणसाला. फरक एवढाच की तो गुलाम होता.

ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो, नाहीतर उतारा पडतो, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत चरक आणि कढया रात्रंदिवस चालत. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्रपाळीला चरकावर. झोपेच्या धुंदीत ऊस घालताना हात लाटांमध्ये सापडला तर अख्खा माणूस आत ओढला जाई, म्हणून हात तोडायला चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवत. शेतात तीन टोळ्या असत. पहिलीत धडधाकट बायका-पुरुष, दुसरीत पोरसवदा आणि अशक्त, तिसरीत पाच-सहा वर्षांपासूनची मुले, गवत आणि कचरा वेचायला.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो, तो व्रतांचा. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारझोड करणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढा भार लादणे आणि खाणेपिणे अडवणे. लहानपणी बस्तीत पंडितजी हे शिकवताना बैलाचे उदाहरण देत. बैलाला पराणी टोचू नका, गाडीत जास्त मोळ्या भरू नका. ते पाचही अतिचार माणसांवर, कायद्याने, हिशेबात मांडून आणि दोनशे वर्षे चालवता येतात हे मला बार्बाडोसला समजले.

श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आहे, त्यांना कर्मादाने म्हणतात. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती सविस्तर आहे. आम्ही दिगंबर, तरी परत आल्यावर मी ती काढून वाचली. जंगलतोडीचा धंदा. रान पेटवून देणे. यंत्राने पिळण्याचा धंदा, त्यात तिळाबरोबर उसाचेही नाव आहे. रसवाणिज्य, म्हणजे मद्य, मध वगैरेंचा व्यापार. आणि केशवाणिज्य, म्हणजे दोन पायांच्या आणि चार पायांच्या जीवांची खरेदी-विक्री. आता सेंट निकोलस ॲबीसारखी बागायत डोळ्यांसमोर आणा. बेटावरचे जंगल तोडून जाळले, ऊस लावला, चरकात पिळला, मळीची रम केली आणि हे सगळे विकत आणलेल्या माणसांकडून करवून घेतले. पाच कर्मादाने एकाच अंगणात! आचार्यांनी बार्बाडोस पाहिले नव्हते. पण कोणत्या धंद्यातून माणसाचे मन कसे कठीण होत जाते हे त्यांना नेमके कळले होते.

हे लिहून मी थांबले असते तर तुम्हाला छान वाटले असते, आपला धर्म किती पुढचा म्हणून. पण त्याच सातव्या अध्यायात परिग्रह परिमाण व्रताचे अतिचारही आहेत. शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य आणि त्याच रांगेत दासी-दास. मर्यादा ओलांडू नका असे सांगितले आहे, पण धरले आहे ते मालमत्तेतच. आपल्या पूर्वजांच्या घरातही माणसे मोजली जात होती आणि त्यांना तो परिग्रह वाटत होता. आज आपण त्या शब्दांचा अर्थ 'नोकरचाकर' असा करून पुढे जातो. मला वाटते, तो शब्द आहे तसाच ऐकावा. हिंदुस्थानात कंपनी सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली ती १८४३ मध्ये, म्हणजे बार्बाडोसच्याही नंतर.

बार्बाडोसचे गुलाम गप्प बसले होते असे मुळीच नाही. १८१६ मध्ये ईस्टरच्या रविवारी बुसा या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. तो चिरडला गेला, बुसा मारला गेला, पण आज तो त्या देशाचा राष्ट्रवीर आहे. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश वसाहतींत गुलामी संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना मालकाकडे फुकट राबावे लागले. आणि नुकसानभरपाई? ती मिळाली, दोन कोटी पौंड. मालकांना! ब्रिटिश सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळजवळ चाळीस टक्के रक्कम. त्यासाठी रोथशिल्ड आणि माँटेफिओरे या सावकारांकडून दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारले. त्याचे रोखे फिरत-बदलत राहिले आणि शेवटची फेड झाली २०१५ मध्ये. सुटलेल्या सुमारे आठ लाख माणसांच्या नावे त्या खात्यात एक पैसाही नव्हता.

बार्बाडोसमध्ये जमीन सगळी बागायतदारांची. सुटलेली माणसे जाणार कुठे? मालकाच्या जागेवर झोपडी, त्याच्याच शेतात काम. तिकडे रस्त्याकडेला लाकडी, सुटी करून गाडीवर घालून नेता येतील अशी छोटी रंगीत घरे दिसतात. त्यांना चॅटल हाउस म्हणतात. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता. घर आपले पण जमीन परक्याची, म्हणून हाकलले तर घर उचलून न्यायची सोय. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, आम्हीही काढले. पण जी माणसे काल स्वतःच जंगम होती, त्यांची पहिली मालमत्ता हे घर, हे कळल्यावर त्या रंगीत खिडक्या वेगळ्या दिसू लागतात.

आता मैत्रिणींनो, या लेखाचे खरे कारण सांगते. ही गुलामी संपवण्यात पार्लमेंटातल्या पुरुषांची नावे आपण वाचतो. पण त्यात स्वयंपाकघराचाही वाटा आहे. १७९१ मध्ये विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पत्रक छापले, वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडा म्हणून. त्याने हिशेबच मांडला होता. आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचेल. गुलामीविरुद्ध काम करणाऱ्या थॉमस क्लार्कसन यांचा अंदाज होता की तीन लाख लोकांनी साखर सोडली. साखर आणायची की नाही हे घरात कोण ठरवते? बाईच. त्या बायकांना मत देण्याचा अधिकार नव्हता, पण चहात काय घालायचे हे त्यांच्या हातात होते. पुढे १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनी पत्रक काढले, गुलामी हळूहळू नव्हे, ताबडतोब संपवा म्हणून. मोठमोठे पुरुष नेते तेव्हा 'हळूहळू'च म्हणत होते. हेरिकबाई आणि त्यांच्या मैत्रिणी आपल्या गावात दारोदार जाऊन साखर सोडायला सांगत. १८३१ मध्ये त्या वारल्या, मुक्तीचा दिवस त्यांना दिसला नाही.

आपण याला काय म्हणतो? रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ, या सहा रसांपैकी एक सोडायचा. आपल्या घरांत अजूनही कितीतरी बायका वारानुसार एकेक रस सोडतात. ते तप आत्म्यासाठी, इंद्रियांवर ताबा यावा म्हणून. त्या इंग्लंडच्या बायकांनी तोच रस सोडला, पण दूरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या वेदनेसाठी. दोन्ही तपे एकमेकींना पूरक आहेत असे मला वाटते. जिभेवर ताबा नसेल तर दुसऱ्यासाठी काही सोडता येत नाही. आणि दुसऱ्याचा विचारच नसेल तर नुसते सोडणे हा आहाराचा हिशेब उरतो.

माझ्या सासूबाई कारखान्याची साखर नैवेद्याला वापरत नसत. ती हाडांच्या कोळशातून गाळतात असे त्यांनी ऐकले होते, म्हणून घरच्या गुळाचाच नैवेद्य. साखर कशातून आली हे विचारण्याची सवय आपल्याला आहेच. ती कोणाच्या हातून आली, एवढा एकच प्रश्न त्यात वाढवायचा. आमच्या भागात दर हंगामाला मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांचा हिशेब एकात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. फडाशेजारी पालात बाळ, आणि पहाटे थंडीत बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते. ही गुलामी नाही, कायद्याने तर नाहीच. पण दोन माणसांना एक आकडा देणारा हिशेब बघितला की माझ्यातली कॉमर्सवाली गप्प बसत नाही. 'अतिभार' हा अतिचार बैलापुरता ठेवून चालणार नाही.

तेव्हा येत्या दशलक्षणात एक करून बघू या. गोड रस सोडायचा असेल त्या दिवशी वाचलेल्या साखरेचे पैसे बाजूला ठेवायचे. गावाजवळ टोळी उतरली की त्या पैशांची चादर, स्वेटर किंवा मुलांच्या वह्या न्यायच्या. आणि जाताना त्या बाईला तिचे नाव विचारायचे, कारण टोळीच्या वहीत बहुधा फक्त तिच्या नवऱ्याचेच असते. ज्यांच्या घरचा ऊस आहे त्यांनी पाण्याची आणि आडोशाची सोय आपल्या बांधावर करावी. दान म्हणून नको, व्रत म्हणून करावे. व्रताला पावती नसते.

जय जिनेंद्र.